शिकाऊंसाठी योग्य वारा

तिला बुडताना वाचवलं तेव्हा पाणी तिच्या गुडघ्यापर्यंत होतं.

तिची चूक एवढीच, की ती हात वर करून उभी होती. हातात वारा मोजायचं यंत्र होतं, मुठीत मावेल एवढं, डोक्यावर पिटुकला पंखा असलेलं. पंखा फिरेल म्हणून ती वाट बघत होती, पंखा काही मनावर घेत नव्हता, आणि एकापाठोपाठ सहा किनारे पालथे घातल्यामुळे तिला उभ्याउभ्याच डुलकी लागली होती. घोड्यांना हे जमतं. हल्ली तिलाही जमायला लागलं होतं. तेवढ्यात मागून इंजिनाची घरघर आली, कुणीतरी तिच्या नारिंगी लाइफ जॅकेटची मानेमागची पट्टी धरली आणि तिला पोत्यासारखं रबरी बोटीत ओढून घेतलं.

"घाबरू नका," बोटीतला माणूस म्हणाला. तो इतक्या थकल्या आवाजात म्हणाला, की घाबरायचं असतं तरी तिला जमलं नसतं.

"मी उभी होते," ती म्हणाली.

"सगळे तेच म्हणतात."

"पण मी खरंच उभी होते... पाणी बघा की."

त्याने वाकून पाणी बघितलं. बोट वाळूत रुतली होती. मग दोघांनी खाली उतरून ती ढकलली. वाचवलेलीने जरा जास्तच ढकलली.

"आमच्याकडे हात वर केला की त्याचा अर्थ — दमलो, न्यायला या," तो धापा टाकत म्हणाला.

"मग तुमचं चुकलं नाही," ती म्हणाली. "दमलेच आहे मी."

तेव्हा कुठे त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. त्याच्या पापण्यांवर मीठ वाळलं होतं आणि डोळ्यांखाली अशी वर्तुळं होती, की तिला एकदम आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं.

ती एका प्रवासाच्या वेबसाइटसाठी मजकूर लिहायची. 'शिकाऊंसाठी विंडसर्फिंगच्या उत्तम जागा' हे पान तिचंच. फळीवर उभं राहायचं, फळीला जोडलेलं शीड दोन्ही हातांनी धरायचं आणि वारा नेईल तिकडेच आपल्याला जायचं होतं असा चेहरा करायचा, म्हणजे विंडसर्फिंग. एवढं तिला लिहिता लिहिता कळलं होतं. समुद्र मात्र तिने ऑफिसच्या कॅलेंडरवरच पाहिला होता. त्या पानावर तिने झोकात लिहून टाकलं, 'पहाटेचा मंद वारा नवशिक्यांना अगदी अनुकूल.'

शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकवतात. खारे वारे दुपारी समुद्राकडून जमिनीकडे येतात, मतलई वारे रात्री नि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे जातात. हा प्रश्न तिने ऑप्शनला टाकला होता. आयुष्य ऑप्शनला टाकलेलेच प्रश्न विचारतं. बँकेतल्या एका गृहस्थांनी तिचं पान वाचून पहाटे फळी पाण्यात घातली. वारा मंदच होता. मंदपणे तो त्यांना घेऊन निघाला आणि मंदपणेच नेत राहिला. संध्याकाळी मासेमारीच्या एका बोटीने त्यांना परत आणलं, तोवर ते जाळं विणायला शिकले होते. तक्रार त्यांच्या बायकोची होती. तिचं म्हणणं, माणूस सुखरूप आहे, पण आता बँकेत जायला तयार नाही.

साहेब म्हणाले, "यापुढे प्रत्येक जागी स्वतः जायचं. पाण्यात उभं राहायचं. निदान तीन दुपारी वारा मोजायचा. आणि ज्या जागेखाली तू 'शिकाऊंसाठी योग्य' लिहिशील, तिथे माझ्या आईला पाठवायची माझी हिंमत झाली पाहिजे."

म्हणून ती इथे होती. ही सातवी जागा. चंद्रकोरीसारखा किनारा, पत्र्याची शेड, शेडबाहेर वाळत घातलेली शिडं आणि दारात कमरेवर हात ठेवून उभी असलेली एक बाई.

"आजोबा, कुणाला उचलून आणलंस?" बाईने विचारलं.

तिने वळून पाहिलं. आजोबा म्हणजे हाच. वय वर्षं एकतीस. कानशिलावरचे केस पांढरे, खुर्चीत बसताना 'हुश्श' आणि उठताना 'चला', आणि चहात बिस्किट बुडवलं की ते विरघळून पडेपर्यंत समुद्राकडे बघत राहायची सवय. नाव त्याच्या या थोरल्या बहिणीनेच ठेवलं होतं, आणि मग शिकाऊंपासून टपालवाल्यापर्यंत सगळ्यांनी उचललं. 'आजोबा म्हणाला' हे कानाला खटकतं. पण 'आजोबा म्हणाले' असं म्हणावं तर माणसाकडे बघून हसू येतं, तेव्हा खटकलेलंच बरं.

"वारा तपासायला आल्यात," आजोबा म्हणाला.

"मग बस," ताई तिला म्हणाली. "वारा दुपारशिवाय येत नाही. आमच्याकडे वेळेवर उठणारा एकही जण नाही."

संध्याकाळी आईचा फोन आला.

"तिथे सोबतीला कोण आहे?"

"एक ताई आहेत. आणि आजोबा."

"आजोबा आहेत ना, मग काळजी नाही."

खुलासा करावा असं तिच्या मनात आलं. पण खुलाशाला ताकद लागते.

दुसऱ्या दिवशी ती शेडच्या सावलीत, आजोबाच्या शेजारच्या खुर्चीत, वाऱ्याची वाट बघत बसली. समुद्र इस्त्री केल्यासारखा पडला होता.

"कधी येईल?"

"जमीन तापली की. जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते, मग समुद्रावरची गार हवा ती जागा भरायला धावते."

"म्हणजे एक तापल्याशिवाय दुसरं येत नाही."

"ताई संसाराबद्दल हेच सांगते."

"आणि शिकाऊंना कसा लागतो वारा?"

"तिरका." त्याने हातानेच दाखवलं. "बाजूने यायचा, पण जरासा किनाऱ्याकडे ढकलणारा. कमरेइतकं पाणी, खाली वाळू. म्हणजे जाताही येतं, आणि काहीच जमलं नाही तरी माणूस घरी पोचतो."

"आयुष्यात असं कुठे असतं?"

"म्हणून तर क्लास काढावा लागतो."

ती हसली. हसायला लागणारे स्नायू बरेच दिवस वापरात नव्हते, त्यामुळे गालाला रग लागली. त्याने ते पाहिलं आणि लगेच समुद्राकडे बघितलं. बिस्किट पडलं.

मग दूर पाण्यावर एक गडद रेघ उमटली. ती हळूहळू जवळ आली, शिडं सळसळली आणि तिच्या मोकळ्या बटा तिच्या चेहऱ्यावर आल्या. तिने त्या बाजूला केल्या, वाऱ्याने परत आणल्या.

"आला," आजोबा म्हणाला, बटांकडे बघत.

"तुम्ही वाऱ्याकडे बघताय ना?"

"वारा दिसत नाही. तो ज्याला लागतो त्याच्याकडे बघावं लागतं."

एवढं बोलून तो उठला, 'चला' म्हणाला, आणि मग अंधार पडेपर्यंत बसला नाही. शिकाऊ पाण्यात गेले की पडत होते, आणि तेही विचित्र पडत होते. शीड छान धरलेलं, चेहऱ्यावर हसू आणि एकदम कुणीतरी पाठीत बुक्की घातल्यासारखे तोंडावर. आजोबाची बोट एकाला आणायची तोवर दुसऱ्याचा हात वर.

तिने यंत्र धरलं. पाच. अठरा. सहा. सतरा.

"हे बिघडलंय," रात्रीच्या जेवणाला ती म्हणाली.

आजोबा ताटात बघत होता. "खारी हवा," तो म्हणाला. "यंत्रं टिकत नाहीत."

ताईने भावाकडे एक नजर टाकली आणि पातेलं जरा जोरातच खाली ठेवलं.

तिने साहेबांना कळवलं, यंत्र खराब झालंय, नवीन पाठवा, तोवर थांबते. हे लिहिताना तिला जेवढं वाईट वाटायला हवं होतं तेवढं वाटलं नाही.

मग दुपारी कुणी शिकाऊ नसला की आजोबा तिलाच फळीवर उभं करू लागला.

"वाऱ्याकडे पाठ करा. गुडघे वाकवा. आता दोरीने शीड हळूहळू उचला."

"ज्याच्यासाठी आलो त्याच्याचकडे पाठ?"

"तोंड करून उभं राहिलं तर तो शीड तोंडावर मारतो."

"असा स्वभाव असतो काहींचा."

"माझा नाही," आजोबा म्हणाला, आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन फळीचं टोक उगाच पुसू लागला.

ती उभी राहिली. शीड भरलं... फळी सरकली... आणि मग पाठीत बुक्की. ती पाण्याखाली गेली, वर आली तेव्हा तिचं मनगट त्याच्या हातात होतं. पाणी कमरेएवढंच होतं, दोघांचेही पाय टेकत होते, तरी मनगट बराच वेळ सुटलं नाही.

"मी उभी आहे," ती हळूच म्हणाली.

"सगळे तेच म्हणतात," तो म्हणाला, पण या वेळी आवाज निराळा होता.

आई रोज विचारायची. "आजोबा बरे आहेत ना?"

"गुडघे दुखतात म्हणत होते."

"शेकायला सांग. आणि वाऱ्यात फार बसू देऊ नकोस त्यांना."

"वाऱ्यातच काम आहे त्यांचं."

"या वयात?" आई हळहळली. "मुलं बघत नसतील."

नवीन यंत्र आलं. त्या दुपारी तिने ते खोक्यातून काढलं आणि पाण्यात उभी राहिली. सहा. एकोणीस. पाच. अठरा.

दोन यंत्रं एकाच पद्धतीने बिघडत नाहीत. तिने मान वळवली आणि जिकडून वारा येत होता तिकडे, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, नीट पाहिलं. तिथे डोंगराचं एक टोक समुद्रात घुसलं होतं आणि टोकावर हिरव्या जाळीत गुंडाळलेली उंच इमारत उभी राहत होती. हॉटेल असावं. मजले मोजून तिची मान अवघडली. समुद्रावरून एकसंध येणारा वारा त्या इमारतीवर आपटत होता आणि दोन्ही बाजूंनी तुकडे होऊन किनाऱ्यावर पोचत होता. आधी काहीच नाही. मग बुक्की. मग पुन्हा काहीच नाही.

त्याच वेळी, पाण्यात पहिल्यांदाच उतरलेल्या एका प्राध्यापकबाईंना झोत लागला आणि डोलकाठी त्यांच्या कपाळावर आली. आजोबाने त्यांना बोटीतून आणलं. टेंगूळ लिंबाएवढं होतं. आणखी दोन बोटं खाली असतं तर डोळा गेला असता. बाई आजोबाला म्हणाल्या, "माझंच चुकलं असेल," आणि त्यावर तो काही बोलला नाही.

सूर्य खाली गेला, वारा पडला. ती त्याच्या शेजारी उभी राहिली. तो शीड गुंडाळत होता.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"यंत्राचं?"

"इमारतीचं."

तो बराच वेळ शीड गुंडाळत राहिला. ते कधीच गुंडाळून झालं होतं.

"चार मजल्यांपर्यंत वारा ठीक होता," तो म्हणाला. "पाचव्याला म्हटलं, सवय होईल. मला झालीसुद्धा. शिकाऊंना होत नाही, त्यांची पहिलीच वेळ असते."

"मग यंत्र बिघडलंय असं का म्हणालात? इथली गिऱ्हाईकं जाऊ नयेत म्हणून?"

"ते पण..." त्याने शिडाची दोरी ओढून घट्ट केली. "नवीन येईपर्यंत तुम्ही थांबणार होतात."

हे ऐकायला तिला आवडलं. आणि ते तसंच दाबून तिला पुढचं बोलायचं होतं, हेच फार दमवणारं होतं.

"मला लिहावं लागेल. शिकाऊंसाठी योग्य नाही."

इथे येणारी निम्मी माणसं तिचं पान वाचूनच येतात, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्याने भांडावं असं तिला फार वाटलं. भांडला असता तर तिला रागवता आलं असतं, राग काढता आला असता, मग कदाचित रडताही.

"बरं," आजोबा म्हणाला, आणि शीड खांद्यावर टाकून शेडमध्ये गेला.

'बरं' हा फार वाईट शब्द आहे. त्याला कडी आतूनच असते.

खोलीत बसून तिने फोनवर 'योग्य' असं टाइप केलं. तो शब्द छान दिसत होता. त्याच्याखाली ताईची शेड शाबूत होती, दोन खुर्च्या शाबूत होत्या. मग तिला ते टेंगूळ आठवलं. तिने पुढे 'नाही' लावलं, पाठवून दिलं आणि बॅग भरायला घेतली.

सकाळी ताई बसथांब्यापर्यंत आली.

"झोपलेत का ते?" तिने विचारलं.

"तो कधी झोपतो? छपरावर बसून इमारतीकडे बघतोय. जणू ती उठून जाणार आहे." ताईने तिची बॅग खाली ठेवली. "खरं लिहिलंस ना?"

"हो. ताई, मला..."

"बरं केलंस. मी कधीपासून सांगतेय जागा बदल, जागा बदल. माझं ऐकत नाही, मी बहीण पडले. तुझं ऐकून निदान दुःखी तरी झाला. आमच्याकडे याला प्रगती म्हणतात."

बसमध्ये आईचा फोन आला.

"आवाज का असा?"

"मी आजोबांना दुखावलं, आई."

"अगं, म्हातारं माणूस म्हणजे लहान मूल. माफी मागून टाक."

"आई, आजोबा एकतीस वर्षांचे आहेत."

पलीकडे आईने टीव्ही बंद केला.

"मग गुडघे का दुखतात?"

"दिवसभर लोकांना पाण्यातून ओढत असतात."

"लग्न झालंय?"

"नाही."

"मग त्यांना शेकून कोण देतं?" आईने विचारलं.

दुसऱ्या दिवशी ती आठव्या जागी पोचली, तिथे काहीच नव्हतं. शेड नाही, ताई नाही, खुर्ची तर नाहीच. नुसता लांबच लांब सपाट किनारा, उथळ पाणी आणि ज्या बाजूने वारा यायचा तिकडे क्षितिजापर्यंत एक झाडही नाही. जागा चांगली असणार हे तिला बघताक्षणी कळलं, आणि काडीचाही आनंद झाला नाही. ती वाळूत फतकल मारून बसली आणि जमीन तापायची वाट बघू लागली.

जमिनीआधी एक ट्रक आला. मागे फळ्या आणि शिडं रचलेली. दार उघडलं, आधी 'हुश्श' ऐकू आलं, मग आजोबा उतरला.

ती उभी राहिली. "तुम्ही... इथे?"

"ताईने ट्रक भरून दिला. म्हणाली, जागा सापडल्याशिवाय तोंड दाखवू नकोस."

"आणि नेमके इथेच?"

"तुमच्या पानावर पुढच्या जागा आहेत ना. आधी नववीवर गेलो. मला वाटलं, तुम्ही दमून मधली एखादी गाळाल."

"मी कामात प्रामाणिक आहे."

"ते परवा कळलं," तो म्हणाला.

दोघंही समुद्राकडे बघत उभे राहिले. समुद्र अजून इस्त्रीचाच होता, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

"परवा मी नुसतं 'बरं' म्हणालो," आजोबा म्हणाला. "पुढे बोलायचं होतं. पण दमलो होतो."

"आत्ता नाही दमलात?"

"आत्ताही दमलोय. रात्रभर ट्रक भरला." त्याने डोळे चोळले. "पण विचार केला, विश्रांती घेऊन मग बोलू म्हटलं तर ते व्हायचंच नाही. मला... म्हणजे कसंय, लोक म्हणतात, तुझ्याबरोबर असलं की शीण जातो. तसं माझं काही होत नाही. तुम्ही होतात तेव्हाही मी तेवढाच दमत होतो. पण एकट्याने दमायचा मला आता कंटाळा आलाय. दमायचंच आहे, तर तुमच्याबरोबर दमावं, असं वाटतं."

तिने वाळूत अंगठा फिरवला. "हे सगळ्या शिकाऊंना सांगता?"

"शिकाऊंना गुडघे वाकवा एवढंच सांगतो."

"आणि मी 'योग्य नाही' लिहिलं, त्याचा राग?"

"आला होता. नववीवर जाईपर्यंत टिकला. मग तिथे तुम्ही नव्हतात, तेव्हा सगळा त्या जागेवर निघाला." त्याने हाताला लागलेली वाळू झटकली. "प्राध्यापकबाई माझी माफी मागत होत्या. माझी. तुम्ही लिहिलं नसतं, तर मी आजही त्यांना बोटीतून आणून गप्प बसलो असतो."

ती उत्तर देणार होती. खरंच देणार होती. पण दूरवर गडद रेघ उमटली, आणि दोघंही धंद्याने वाया गेलेली माणसं, त्यामुळे दोघांच्याही माना तिकडे वळल्या. तिने यंत्र धरलं. नऊ. दहा. नऊ. दहा. तिला स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना, तिने यंत्र त्याच्यापुढे धरलं. त्याने ते बघितलं, मग इतका वेळ बघत राहिला, की तिने त्याच्या कोपराला हात लावला.

"जा," तो म्हणाला. "फळी काढतो. बघून या कसा आहे."

तिने वाऱ्याकडे पाठ केली, गुडघे वाकवले, शीड उचललं. वारा आला आणि कुणी पाठीवर हात ठेवावा तसा टिकून राहिला. बुक्की नाही, काही नाही. फळी कुजबुजत निघाली. पाणी दोन्ही बाजूंना चिरत गेलं, उन्हाचे तुकडे पायांखालून सरकले, आणि आपण कुठेतरी चाललो आहोत, आणि तिथेच जायचं होतं, असं तिला पहिल्यांदाच चेहरा न करता वाटलं.

मग ती पडली. आपल्याच चुकीने पडली, आणि त्याचंसुद्धा समाधान वाटलं.

वर येऊन तिने किनाऱ्याकडे बघितलं. तो धावत येत असेल असं तिला वाटलं होतं. तो येत नव्हता. ट्रकच्या सावलीत हातपाय पसरून तो गाढ झोपला होता. दुपारच्या वाऱ्यात, शिकाऊ पाण्यात असताना, जो माणूस खुर्चीलाही टेकत नसे, तो.

ती फळीवर पोटावर पडली आणि तिने काहीच केलं नाही. वारा तिरका होता, जरासा किनाऱ्याकडे ढकलणारा. त्याने तिला सावकाश, न विचारता, आजोबापाशी आणून सोडलं.

ओल्या पायांनी ती त्याच्याशेजारी जाऊन बसली. केसांतलं पाणी त्याच्या हातावर टपकलं.

"आलात?" त्याने डोळे न उघडता विचारलं.

"वाऱ्याने आणलं."

"जमलं?"

"पडले. पण इकडेच आले."

"मग लिहून टाका. योग्य."

"उद्या लिहीन. आज दमलेय." तिने केस पिळले. "झोप तू."

त्याचा एक डोळा उघडला. तो 'तू' दोघांच्या मध्ये वाळूत पडला होता, आणि तो परत उचलून घ्यायची तिची काही इच्छा दिसत नव्हती.

"तूही झोप," आजोबा म्हणाला.

शिडाची रिकामी पिशवी घडी करून त्यांनी उशाला घेतली. ती एका डोक्यापुरतीच होती. कुणीच तक्रार केली नाही.